मचाणावरच्या दोघी

ताई : "पाण्याकडे पाठ करून हसू नकोस, पोरी." समुद्रावरच्या या मचाणावर पहिल्यांदा चढले तेव्हा आमचे उस्ताद एवढंच बोलले होते. सव्वीस वर्षं झाली. माणूस गेला, आवाज काही जात नाही.

नवी : मी हसत नाहीये, ताई. मी सहीचं विचारतेय. सहीची गोष्ट निघाली की तुम्ही उस्तादांना मध्ये आणता. चार वाजता साहेब येणार. 'जीवरक्षक म्हणून एकटीने मचाण सांभाळू शकते', या ओळीखाली तुमची सही नसेल तर माझी नेमणूक गेली पुढच्या वर्षावर.

ताई : आधी डोकी मोज. दर पाच मिनिटांनी मोजायची.

नवी : पाण्यात, दोरीच्या आत एकेचाळीस. मघाशी त्रेचाळीस होती, दोघं बाहेर येऊन नळाखाली पाय धुतायत.

ताई : बागेच्या पायऱ्यांवर?

नवी : एक आजोबा, पाय पाण्यात, पेपर डोक्यावर. कारंज्यापाशी शाळेची सहल, बाई शिट्टी फुंकून दमल्यात. फुगेवाल्याचा फुगा सुटलाय आणि त्याच्यामागे पोरांऐवजी तोच धावतोय. झालं? सगळं मी सांगायचं आणि तुम्ही नुसतं 'हूं' म्हणायचं. गेल्या वर्षी निदान माझ्या चुका काढायचात.

ताई : चुकायचीस म्हणून काढायचे.

नवी : म्हणजे आता चुकत नाही. मग करा सही.

ताई : काल उंबरा ओलांडला, आज किल्ल्या मागतेस. सून आहेस की दरोडेखोर?

नवी : काल कसला? दोन मोसम झाले.

ताई : पाणी माहेरासारखं बोलावतं, मासोळे, आणि सासरासारखं ठेवून घेतं. दोन मोसमांत कळतं होय ते?

नवी : ओव्या नकोत, कारण सांगा. पोहण्यात मी तुमच्या पंधरा सेकंद पुढे आहे.

ताई : वीस. माझी लाज राखू नकोस.

नवी : ताई, थांबा. दोरीपलीकडे एक माणूस. तांबडी टोपी.

ताई : हात? हलवतोय की पाणी खाली दाबतोय?

नवी : दाबतोय. शिडी चढल्यासारखा.

ताई : तोंड कुठे?

नवी : आभाळाकडे. ओरडत नाहीये.

ताई : ओरडायला दम लागतो, तो उरला नाही त्याच्यात. फळी घे. त्याच्या समोरून शिरू नकोस, दोरीच्या खांबापासून शीर. ओहोटी लागलीय, पाणीच तुला त्याच्याकडे नेईल. पळ.

(थोड्या वेळाने. शिडीवर ओली पावलं. नवी वर येते, खांद्यावर टॉवेल.)

ताई : कसा आहे?

नवी : पोटरीत गोळा आला होता. आता बाकावर बसून बायकोची बोलणी खातोय. मला हळूच म्हणाला, आत होतो तेच बरं होतं.

ताई : म्हणजे धडधाकट आहे.

नवी : कुठून शिरायचं ते तुम्ही बरोब्बर सांगितलंत. दहा हात मारले आणि पुढचं पाण्यानेच केलं. पण लाटांमध्ये तो मला दिसेना, म्हणून मी वळून वर पाहिलं. मचाणावरून झेंडा ज्या बाजूला झुकेल त्या बाजूला पोहायचं, तुम्हीच शिकवलंत. तुमचा झेंडा सरळ होता. म्हणजे तशीच पुढे जा. तो तर डावीकडे होता, चांगला वीस हात.

ताई : मग वळलीस कशी?

नवी : त्याचा खोकला ऐकू आला. झेंड्याचं ऐकलं नाही.

ताई : चांगलं केलंस.

नवी : तुमच्या हातून झेंडा चुकत नाही, ताई. सहीवरून रागावला होतात का माझ्यावर?

ताई : वेडी आहेस. माणूस पाण्यात असताना राग धरायला हात कुणाचा मोकळा असतो?

नवी : मग काय झालं?

ताई : फॉर्म दे. सही कुठे करायची?

नवी : हे घ्या. इथे.

ताई : झाली. आता मागच्या कोऱ्या बाजूवर लिही, साहेबांसाठी. 'उद्यापासून मचाण हिच्याकडे. मी खाली वाळूत राहून नव्या पोरींना पाणी शिकवीन.'

नवी : मचाण सोडताय? मी फक्त माझ्या पाळीपुरतं मागत होते.

ताई : ठाऊक आहे. लिहिलंस?

नवी : लिहिलं. पण साहेब कारण विचारतील.

ताई : तेही लिही. माझ्या तोंडचं आहे तसंच लिही, बदलू नकोस. 'हा मोसम सुरू झाल्यापासून मला लांबचं दिसत नाही. कुणाला सांगितलं नाही. आज ही पाण्यात होती, आणि ही कुठे आहे ते मला दिसलं नाही.'