यादीत नोराचं नाव

माझा जन्म पालात झाला, आणि ते पाल नेमकं कुठं होतं हे आईलाही सांगता यायचं नाही, सांगलीच्या अलीकडं रस्त्याचं काम चालू होतं तिथं, एवढंच म्हणायची. आम्ही वडार. दगड फोडायचे, खडी करायची, रस्ता पुढं सरकला की पाल मोडून आपणही पुढं सरकायचं. आम्ही केलेल्या रस्त्यावरून लोक मत द्यायला जायचे आणि आमचा बाप खडीच्या ढिगाशी उभा राहून बघायचा, कारण यादीत नाव नाही. कुठल्या गावच्या यादीत असणार? म्हातारा होऊन मेला, एकदाही मत न देता. हे आधीच सांगून ठेवते, म्हंजे पुढं मी चिडले की तुम्ही म्हणायला नको, ह्या बाईला झालं काय.

मिशनच्या दवाखान्यातल्या सिस्टरनी मला शाळेत घातलं, पुण्याला नर्सिंग झालं, बाविसाव्या वर्षी इंग्लंडात आले, मग बत्तीस वर्षं वॉर्ड. केंब्रिजजवळच्या ह्या खेड्यात घर घेतलं. इथली आपली मराठी मंडळी बहुतेक डॉक्टर. गणपतीला, दिवाळीला जमायचं, मूळ गाव कुठलं म्हणून सगळे गोड बोलून विचारायचे, आणि मी कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. पुण्याची म्हणून सांगायचे. खरं सांगते, लाज वाटायची. आता त्या लाजेचीच लाज वाटते.

रिटायर झाल्यावर घरात बसवेना. कौन्सिलला ऑटममध्ये दारोदार जाऊन मतदारांचे फॉर्म भरून आणायला माणसं लागतात, ते काम घेतलं. सुपरवायझर हसतमुख माणूस, यादी देताना म्हणाला, कालव्यापलीकडची ती जिप्सी साइट सोडून द्या हं, तिथं नो रिप्लाय लिहा, दरवर्षी तसंच लिहितो आपण. मी म्हटलं, दार वाजवलंय का कधी कुणी? तर म्हणे, कुत्री असतात. अहो, कुत्री कुणाकडं नसतात? माझ्या शेजारणीचा कुत्रा मला दोनदा चावलाय, तिचं नाव आहे की यादीत!

मग गेले. पहिल्याच कॅरव्हॅनच्या दारात नोरा. सत्तरीला आलेली, रोमनी जिप्सी, जन्म ह्याच भागात घोडागाडीत झालेला, आयुष्यभर इथल्या शेतांतले बटाटे नि स्ट्रॉबेऱ्या काढलेल्या. आत बोलावलं, चहा दिला, इतक्या नाजूक चायनाच्या कपात की धरायला भीती वाटावी. मी विचारलं, मत दिलंय कधी? म्हणाली, आम्हाला कोण विचारतंय. आता बघा, मी भारतातून आलेली, कॉमनवेल्थची म्हणून आल्या आल्या मला मत मिळालं, आणि हिचं नाळ पुरलेलं गाव हे, हिला नाही. वाचता येत नाही हे तिनं आपणहून सांगितलं, एकदाच, आणि परत तो विषय नको म्हणाली. मी फॉर्म वाचून दाखवला, नवऱ्याचं नाव लिहिलं, तिचं लिहिलं, त्यांच्या जागेचा नंबर टाकला, तिनं सहीच्या जागी फुली काढली. म्हणाली, नर्स, मेमध्ये निवडणूक आहे ना, निवडून येऊ बघणारे काही जण आम्हाला इथून उठवणार म्हणतायत, मला त्यांच्याविरुद्ध मत द्यायचंय. मरायच्या आधी एकदा.

साइट हलवा म्हणून गावात पिटिशन फिरत होतं, आणि ते घेऊन माझ्या दारात कोण यावं? आमच्या मंडळातल्या डॉक्टरांच्या मिसेस. वहिनी म्हणते मी त्यांना. म्हणाल्या, सिस्टर, सही करा ना, आणि वर हसून, विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, ह्या लोकांना काय हो फरक पडतो इथं राहिलं काय नि तिथं राहिलं काय? तळपायाची आग मस्तकाला गेली माझ्या. तरी मी काय केलं? नंतर बघते म्हटलं आणि दार लावलं. वडाराची पोर, आणि नंतर बघते म्हणाली.

जानेवारीत नोराचा नवरा गेला. त्यांच्यात जुनी रीत आहे, माणूस गेला की त्याची कॅरव्हॅन, कपडे, खुर्ची, सगळं जाळून टाकायचं, आणि त्याचं नाव परत तोंडातून काढायचं नाही. नोरानं ते चायनाचे कपसुद्धा फोडले आणि दोन जागा सोडून लेकीकडं राहायला गेली. मी भेटून आले. दुःखाचं बघितलं आणि कागदाचं विसरले, ती माझी चूक, ती मी कुणावर ढकलत नाही. कौन्सिलचा कुणीतरी तपासायला आला, त्यानं नंबर बघितला, तिथं काळी जमीन आणि राख. लिहिलं, निघून गेले. दोघांचीही नावं कापली. आणि वीस पावलांवर नोरा बसलेली! विचारलं असेल कुणाला, तरी मेलेल्याचं नाव घेऊनच विचारलं असणार, आणि त्या नावाला तिथं कोण ओ देणार?

मेमध्ये मी तिला गाडीतनं व्हिलेज हॉलला नेलं. हॅट घालून आली होती. टेबलामागच्या बाईनं यादीवर पट्टी फिरवली, परत फिरवली, सॉरी म्हणाली. नोरानं हॅट काढून हातात घेतली. मी बोलले, खूप बोलले, आईच्या तोंडच्या शिव्या इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या तोंडात आल्या. पण यादीत नाव नाही म्हंजे माणूस नाही.

मग मी हात धुऊन कौन्सिलच्या मागे लागले. दोन हजार सालचा कायदा आहे, पक्का पत्ता नसला तरी ह्या गावाशी आपला संबंध आहे असं लिहून दिलं की नाव घालता येतं. तो फॉर्म सुपरवायझरच्या पुढ्यात ठेवला. म्हणाला, हा आमच्याकडं कुणी मागतच नाही. मी म्हटलं, असा फॉर्म असतो हे सांगितलंय का कुणाला? पत्रं माझ्या घरी येऊ देत म्हणून लिहून दिलं. लागलं नाव. पुढच्या ऑटमला मला कामाला बोलावलं नाही, ते जाऊ द्या.

पुढच्या मेमध्ये परत तोच हॉल. रांगेत पुढं नोरा, मग मी, आणि माझ्या मागे वहिनी. कानात म्हणाल्या, अगंबाई, ह्यांनासुद्धा मत असतं? मी वळले आणि मोठ्यानं म्हटलं, वहिनी, मी वडार आहे, पालात जन्मले, मला असतं तसं तिलाही असतं. तेवढ्यात टेबलावरच्या बाईनं नोराचं नाव वाचलं, अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं, आणि नोराची मान अशी ताठ झाली म्हणता!

इथं कागदावर नावापुढं पेन्सिलीनं फुली मारून मत देतात, आणि वाचता येत नसेल तर बरोबर माणूस नेता येतो. मी तिला दहादा सांगितलं होतं, मी येते. पण ते सगळ्यांसमोर मागायला लागतं, आणि मी तिच्याकडं बघायचं सोडून वहिनींना सुनावत बसले होते. ती एकटीच आडोशाला गेली. बराच वेळ उभी होती. मग कागदाची घडी केली आणि पेटीत टाकला.

गाडीत विचारलं, कुणाला दिलंस? म्हणाली, पेन्सिलच उचलली नाही, उठवणाऱ्यांपुढंच फुली पडली असती तर? आणि पिटिशन घेऊन फिरणाऱ्या त्या बाईंच्या देखत मी मदत मागणार नव्हते.

काय सांगू तुम्हाला. ह्यांना शाळेत टिकू द्यायचं नाही, जिथं थांबतील तिथून पोलीस आणून उठवायचं, आणि मग मीटिंगमध्ये बसून म्हणायचं, ह्या लोकांना व्होटिंगमध्ये इंटरेस्टच नाही. इंटरेस्ट!

साइटवर उतरताना तिनं विचारलं, पण नर्स, माझा कागद ते मोजतील ना? कोरा कागद रद्द म्हणून बाजूला काढतात, मला माहीत होतं. मी म्हटलं, मोजणार तर, सगळ्यांच्या बरोबर मोजणार. ती हसली आणि आत गेली.

यंदा परत निवडणूक आहे. ह्या वेळी मदत मीच मोठ्यानं मागणार, आणि वहिनी असतील तर असू देत. देव नोराला तोवर धडधाकट ठेवो. आणि तुम्ही हे लिहून घेताय ना, घ्या, सगळं लिहा, फक्त तिला कुणी वाचून दाखवू नका.