मेलेल्या भागीदाराचा वाटा

— न्हाय, बसायला काय मिळणार न्हाय, मास्तर. तो दगड बरा हाय, पण त्यावर मी जाळं टाकलंय, आणि ते मी काढणार न्हाय. मुंबईहून आलात, रेवसला उतरून टांग्यात हाडं खिळखिळी करून घेतलीत, सगळं खरं — बोलावलं कोणी होतं? हे घरी न्हायत. होडीवर गेलेत. व्हय, होडीवर. तुमचा हुशार विद्यार्थी महिनाभर इथं रेवदंड्याला माझ्या माहेरी राहतोय आणि माझ्या काकाच्या, अनंता तांडेलाच्या होडीवर जाळं ओढतोय. कुणालाही विचारा, बरं ओढतोय. तोंड कशाला वाकडं करता? वास येतो? बोंबील वाळत घातलेत, त्यांचा वास येणारच. तुमच्या शिकवणीच्या खोलीत उदबत्ती लावत असाल.

काय पण अभ्यास शिकवलात हो. ती जीडीए का काय, हिशेबतपासनिसाची सरकारी परीक्षा — ती पास व्हायची तर म्हणे आधी मासळी सोडा, मासळीनं झापड येते. कोळ्याच्या पोराला सांगता, मासळी सोड. मग पहाटे उठा, कायद्याची कलमं घोका, जुने पेपर आणून घड्याळ समोर ठेवून सोडवा, येतो तो प्रश्न आधी लिहा, अडेल तो मागं ठेवा, बेरजेखाली रेघ पट्टीनंच मारा — हे सगळं ठीक हाय, त्यात मी काय बोलत न्हाय. पण बायकोला माहेरी धाडा, हे कुठल्या पुस्तकात हाय? माझं नि त्या कलमांचं काय वाकडं होतं? दोन वर्षं मी काकाच्या दारात बसून हाय. बाजारात बायका विचारतात, टाकली का गं तुला? तर काय सांगू — न्हाय गं, नवऱ्याचा अभ्यास चाललाय? पोट धरून हसतात. आणि एवढं करून दोनदा नापास. मी तिथं नसताना नापास, मास्तर. तरी सासूबाईंना निरोप कोणी धाडला, कान्हाचं लक्ष घराकडं असतं म्हणून? तुमीच ना? असेल लक्ष. का नसावं? दिवाळीला आले होते दोन दिवस, तुमाला न विचारता — काय बघता पोटाकडं? व्हय, दिवस गेलेत मला. आता तुमच्या वहीत लिहून घ्या, नियम मोडला म्हणून.

त्यांना अभ्यास कसा होतो हे तुमी कधी बघितलंत? हात रिकामे असले की त्यांचं डोकं भटकतं. दिवाळीला इथं आले तेव्हा मी फाटकं जाळं मांडीवर दिलं, म्हटलं शिवता शिवता म्हणा काय म्हणायचं ते. एकेक गाठ मारायचे आणि एकेक कलम घडाघडा. मला काय कळतंय त्यातलं — पण अडखळले की मला कळायचं, गाठ सैल पडायची. मग तेच जाळं तुमच्या खोलीत नेलं त्यांनी, तर तुमी म्हणालात, हे कोळ्याचे चाळे इथं नकोत. म्हणालात ना? तोंडावर म्हणालात. त्या दिवशी ते जेवले न्हायत. मी तुमाला त्या एका बोलण्यासाठी आजन्म माफ करणार न्हाय, बाकी सगळं सोडा.

काय? चूक? कुठली चूक? हां, तो भागीदारीचा प्रश्न. ठाऊक हाय मला. तिघांचा धंदा, वर्षाच्या मधेच एक मरतो, आता हिशेब करा. पुस्तक म्हणतं, मेला तिथं त्याचा हिशेब थांबला, तोवरचं काय ते घरच्यांना द्या नि मोकळे व्हा. ह्यांनी त्याच्या बायकोला वर्षअखेरपर्यंतचा वाटा लिहून दिला. दोन्ही वेळेला. तुमाला वाटलं डोकं चालत न्हाय. अहो, पुस्तकातलं उत्तर त्यांनी मला इथं बसून म्हणून दाखवलंय. येतं त्यांना. आमच्या होडीवर हंगामाच्या मधे खलाशी बुडाला तर पावसाळ्याला होड्या वर ओढेपर्यंत त्याचा वाटा त्याच्या घरी जातो — तेच लिहिलं त्यांनी. मी भांडले. म्हटलं, येत होतं तर लिहिलं का न्हाय? तर म्हणाले, "हात उठला न्हाय, रतन. तुझ्या आयसचं तोंड दिसतं."

माझी आयस, मनुबाई — तिला जाऊनही आता बरीच वर्षं झाली. आणि माझा बापूस, नामा, मुरुडच्या अंगाला वाऱ्यात गेला. अंग मिळालं न्हाय. मी तेव्हा एवढीशी, पण आठवतंय. अनंताकाका दर खेपेला यायचा, वाटा उंबऱ्यात ठेवायचा नि निघून जायचा. आयस उठून मासळी साफ करायला घ्यायची. मला कोणी काय सांगितलंच न्हवतं. मला वाटायचं, बापूस लांब कुठंतरी हाय नि तिथनं मासळी धाडतोय. आणि मग एक दिवस होड्या वर ओढल्या. वाटा आला न्हाय. दुसऱ्या दिवशी न्हाय, तिसऱ्या दिवशी न्हाय. तेव्हा मला समजलं की तो मेला. — हे मी तुमाला कशाला सांगतेय? तुमी कोण माझे?

छत्री सांभाळा, उडेल. बघितलात ना वारा? सकाळी इतका न्हवता. काका म्हणतो, कान्हाचा हात चांगला हाय, पुढच्या हंगामापासनं त्याला कायमचाच घेतो. ह्यांनाही पटलंय. म्हणतात, तिसऱ्यांदा कशाला जायचं, मी पुन्हा तेच लिहिणार. घरात सगळे खूश. मीही हसते. आणि होडी गेली की मी इथं येऊन बोंबील उलटत बसते, उलटलेलेच पुन्हा उलटते — सोमवारी पेपर हाय ना? उद्याची बोट मिळाली तर पोचतील?

मग गप ऐका. तुमी त्यांच्याशी काय बोलू नका, तुमचं ऐकायचे न्हायत. मी सांगते त्यांना. मेलेल्याच्या बायकोला पुढचं काय न्हाय द्यायचं, तिथंच रेघ मारायची, पट्टीनं — असं सांगते. मीच सांगितलं तर लिहितील. नामा कोळ्याच्या पोरीनंच सांगितल्यावर त्यांचा हात कशाला अडेल? माझ्या पोराला वाटा नको, मास्तर. बापूस पायजे. दर महिन्याला पगार घेऊन चपला वाजवत घरी येणारा.

असं बघू नका माझ्याकडं. आणि ते पैसे खिशात ठेवा, बोटीचं भाडं हाय आमच्याकडं. ते शीड दिसतंय ना खाडीच्या तोंडाशी, ती आमची होडी. किनाऱ्याला लागायच्या आत निघा — तुमाला इथं बघितलं तर त्यांना वाटेल, हे मी तुमच्या सांगण्यावरनं बोलतेय. जा.