करीम मिस्त्रीनं न बसवलेले ब्रेक

बसलेल्या समद्यायले नमस्कार. करीमभाईच्या घरच्यायले सलाम. मले बोलता येत नाही. मी चिखली-उंद्री जीप चालवतो, भाषणं करत नाही. पण आत्ता ह्या शोकसभेत तीन जणं बोलून गेले, करीम मिस्त्री लय मोठा माणूस होता म्हणे. ऐकून मले किळस आली. तुमची बी, माही बी.

तीन वर्षांत त्याच्या गॅरेजवर तुमच्यापैकी कोण गेलं? हात वर करा. नाही ना?

काऊन गेले नाही, ते सांगतो.

तीन वर्षांमागं मी बाजारातून हलके ब्रेक लायनर आणले, करीमभाईच्या हातात देले. त्यानं डब्यावरचं नाव वाचलंच नाही. चाकाच्या ड्रमाले आतून खडू फासला, लायनर बसवले, चाक हातानं फिरवलं, पुन्हा खोललं. खडू लायनरच्या दोन टोकायलेच लागला होता. मधात कोरं.

"हे ड्रमाले पुरं टेकतच नाही," तो म्हणे. "मी बसवत नाही."

"बसवा ना भाई. चालते तेवढं."

"गाडी चालते. थांबत नाही. जा, दुसरीकडं बसव."

मी गेलो. दुसऱ्यानं खडू नाही, काही नाही, बसवून देले. आठ दिवसानं उंद्रीच्या उतारावर मी ब्रेक दाबला अन् जीप सरळ नाल्यात. गाडीत माही माय होती. तिचा खुबा मोडला. अजून काठीनं चालते.

लोक जमले. "ब्रेक कोणं बसवले?"

मी म्हटलं, करीम मिस्त्रीनं.

हाव, मी म्हटलं. ह्याच तोंडानं.

दुसऱ्या दिवशी करीमभाई आला. चाक खोललं. लायनर सुटून आत अडकलं होतं. मले वाटलं, आता हा चौकात नेऊन दाखवते. त्यानं ते माह्या पायाजवळ ठेवलं. "हे मी बसवलं नाही, तुले माहीत आहे," तो म्हणे. "माय कशी आहे?"

एवढंच. मी खरं सांगीन, याची त्यानं वाट पाह्यली. मी सांगितलं नाही.

अन् तुम्ही? वीस-वीस वर्षं गाड्या त्याच्याकडं नेल्या. एकानं तरी जाऊन विचारलं काय, मिस्त्री, तुम्ही काय म्हणता? त्यानं तुमची बेअरिंग कानाशी फिरवून, आवाज ऐकून परत केली होती, तुमचा सस्ता माल नापास केला होता. त्याचा राग होता तुमाले. कारण पाहिजे होतं. ते मी देलं.

शेवटी तो सायकलीचे पंक्चर काढत होता. तेव्हा बी ट्यूब दोनदा पाण्यात बुडवून पाहे.

परवा त्याच्या लेकीले, शबानाले, मी हे सांगितलं. ती म्हणे, "चाचा, मले काय सांगता? अब्बायनं घरी सांगितलं होतं. बाहेरच्यायले सांगा."

म्हणून उभा राह्यलो. माफी मागत नाही. ज्याले मागायची होती, तो गेला.

आता उठा. दोन मिनिटं गप उभे राहू. ज्याले माह्या बाजूले उभं राहाची लाज वाटते, त्यानं खुशाल तिकडं सरकावं. पण सरकायच्या आधी सोताले विचारावं, तीन वर्षं मी करीमभाईकडं काऊन गेलो नाही.

करीमभाई, सलाम.