फोन जरा उंच धरा

समारंभाचे अध्यक्ष गुरुपादय्या अप्पा, व्यासपीठावरचे पाहुणे, उद्यापासून मुख्याध्यापिका होणाऱ्या मंजुश्री अक्का, समोरच्या आया-बहिणी, पोरं, आणि गळ्यात हार पडला तरी खुर्च्या सरळ करत फिरणारे आमचे सिद्धप्पा सर, सगळ्यांना मडगावहून व्यंकटचा नमस्कार. मी फरशी बसवणारा माणूस, सातवीत शाळा सोडलेला. सुट्टी मिळाली न्हाई म्हणून फोनवरूनच बोलायलोय. फोन जरा उंच धरा, मला नुसता माईक दिसायलाय.

ही फोनची चाल सरांचीच. आपल्या जनवाड्याच्या मराठी शाळेत पालक सभा लागायची आणि खुर्च्या रिकाम्या. पालक कुठं? कुणी पुण्यात, कुणी हैदराबादला. दुसरा कुणी असता तर 'पालकांचं लक्षच न्हाई' म्हणून मोकळा झाला असता. सरांनी जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना एकदम व्हिडिओ कॉल लावला. मी सिमेंटच्या पोत्यावर बसून डबा खायलो होतो.

"व्यंकट, चैत्रा वजाबाकीत हातचा विसरायलीय. लेकीला कधी विचारतोस का न्हाई?"

आमचा मुकादम मागून डोकावला. "सर, माझ्या पोराचं बी बघा की जरा."

"तुमचं पोरगं आमच्या शाळेत न्हाई."

"व्हय, पण हातचा तोबी विसरतो."

पुढच्या सभेला मुकादम माझ्याआधी हात धुऊन बसला.

सर निवृत्त होणार कळलं तसं मी चैत्राचं नाव काढून इकडं आणायचं ठरवलं. माझ्यामागं आणखी चौघं तयार. सर एवढंच म्हणाले, "लेक तुझी, तूच ठरव. पण पाच पोरं गेली तर शाळा शेजारच्या गावाला जोडतील. हे माहीत असू दे." रागावले असते तर बरं झालं असतं. मी बी रागावून मोकळा झालो असतो.

काल मंजुश्री अक्कांचा फोन आला. ओळख ना पाळख, सरळ विचारलं, "अण्णा, तुमची जेवणाची सुट्टी कधी असती? सभा त्या हिशोबानं लावते." 'उद्या सांगतो' म्हणून मी फोन ठेवला. असं विचारणाऱ्या बाईच्या शाळेतून पोरगी कामून काढायची?

सर, चैत्राचं नाव राहू द्या. ते चौघं बी हे ऐकायलेत, त्यांचं बी तेच ठरलंय. आणि तुम्ही आता घरून सभेला यायचं. मुकादमाच्या पोराचा हातचा अजून राहिलाय.

मला बोलू दिलं, सगळ्यांचे उपकार. रेंजमुळं शब्द गळाला असंल, मोठ्यांपुढं जास्त बोललो असंल, तर आपलाच समजून सांभाळून घ्या.

अक्का, सुट्टी एक वाजता असती.