पिशवीतलं हँडल

बेअरिंगच्या दुकानात रांग होती. निवृत्त टर्नरच्या पुढे एक म्हातारा आणि त्याची लेक उभी होती. म्हाताऱ्याच्या पिशवीतून धातू कापायच्या मिलिंग मशीनचं, हाताने फिरवायचं हँडल डोकावत होतं. टर्नरने कान टवकारले.

“बाबा, घरच्या मशीनला मोटर बसली, कॉम्प्युटर जोडला. आता हँडल कशाला घेऊन फिरताय?”

“घरी ठेवलं की तू भंगारात देशील.”

“काहीतरीच तुमचं!”

“काल तुझ्या कॉम्प्युटरने भोक चुकीच्या जागी पाडलं ना?”

“पाडलं. टेबल सरकवणारा स्क्रू झिजलाय. दिशा बदलली की आधी तो नुसताच फिरतो, टेबल हलतच नाही.”

“मग मी तीस वर्षं कसं केलं?”

“तेच आईला विचारलं. म्हणाली, तुझे बाबा टेबल जरा जास्तच मागे नेतात आणि मग हळूच पुढे आणतात. स्वयंपाकघरातून ऐकून ऐकून तिला तुमच्या हाताचा आवाज पाठ झालाय.”

“अगदी बरोबर.”

“कॉम्प्युटरला तेच शिकवलं. आज सकाळी भोक नेमकं जागेवर पडलं.”

“आणि ते ऐकून आई काय म्हणाली?”

“तिने आतून हाक मारली, ‘अहो, चहा ठेवू का?’”

“अगं, मी तर तेव्हा फिरायला गेलो होतो.”

“हो ना.”

रांग पुढे सरकली. म्हातारा तिथेच उभा होता.

“धर गं ही पिशवी. हँडल जड आहे.”