आहे तसंच चालू ठेवा

भागीरथा : बोला ना भाऊ, माहा हात चालू राहू द्या. उद्याचा दिवस कोर्टात जाईन, अन् गांधीबागेच्या शेठले चार साड्याइले फॉल आजच लावून पाहिजे.

गिरिधर : चालू द्या. तुम्ही खाली बघत असलात तर मला बोलणं सोपं जाईल.

भागीरथा : साक्ष देऊ नको, हेच ना? महाराजाच्या मंडळानंच धाडलं असन.

गिरिधर : मी इथं आलोय हे मंडळाला ठाऊक नाही.

भागीरथा : नत्थू मास्तरानं पेपरात महाराजावर छापलं त्यात खोटं काय हाय? औषध घेणं पाप, हा महाराजाचा नियम. त्या नियमापायी माही सिंधू गेली. जीव पोरीचा गेला, अन् अब्रुनुकसानीचा दावा महाराजाचा! वा रे वा!

गिरिधर : उद्या त्यांचा वकील तुमचं पत्र काढेल. सिंधू आजारी होती तेव्हाचं. मंडळाची पत्रं लिहिणारा मीच, काल तिथल्या पेटीतून मीच शोधून दिलं.

भागीरथा : काढू दे. माहा अंगठा हाय त्याच्यावर. पोरगी तापानं फणफणून राहिली, हेच हाय त्यात.

गिरिधर : ते नाही त्यात.

(सुई थांबते.)

भागीरथा : मी सांगितलं, तुमी लिहिलं. वाचूनबी दाखवलं.

गिरिधर : वाचलं ते तुम्ही बोललेलं. लिहिलं होतं दुसरंच.

भागीरथा : थांब. मी माहं बोलतो, तू तुयं लिहिलेलं बोल.

— महाराज, सिंधूले पाच दिसांपासून ताप हाय.

— महाराजांच्या कृपेनं घरी सर्व क्षेम आहे.

— पाणीबी पोटात ठरत नाही.

— मुलगी रोज तीर्थ घेते.

— नियम ठाऊक हाय, पण एक डाव दवाखान्यात नेऊ द्या.

— नियम पाळतो आहोत.

— पाया पडतो.

— पाया पडते. तेवढं एक तसंच लिहिलं.

भागीरथा : काहून गा?

गिरिधर : रडगाण्याची पत्रं कार्यालय वर जाऊ देत नसे. मला झापत, अन् त्या घराला सत्संगात मागं चपलांपाशी बसवत. वाटलं, ताप काय, उतरेल. तुमचं भलंच व्हावं म्हणून...

भागीरथा : भलं?

गिरिधर : नाही. मला झापून घ्यायचं नव्हतं.

भागीरथा : मंग महाराजाचं कार्ड आलं. तेबी तूच वाचलं. ‘आहे तसंच चालू ठेवा.’

गिरिधर : ते ‘सर्व क्षेम’ला आलेलं उत्तर होतं.

भागीरथा : अन् मी ते तापाचं समजली. तीन दिवस चालू ठेवलं. दवाखाना दोन गल्ल्या पुढं होता, गिरिधर. कडेवर घेऊन निघाली असती तं कोण आडवं येत होतं? कार्ड?

गिरिधर : तुमचा काय दोष त्यात?

भागीरथा : तू नको सांगू. नियम महाराजाचा, पत्र तुयं, अन् जे पाय उठले नाही ते माहे. सात वर्सं मी एकट्या महाराजाले शिव्या देऊन राहिली. सोपं होतं ते.

गिरिधर : हो.

भागीरथा : मास्तर जेलात जाईन का?

गिरिधर : पत्र खरं धरलं तर जाईल. तुम्हीही खोट्या ठराल. म्हणून मी उद्या साक्षीला उभा राहतो. राहती खोली मंडळाची आहे, ती जाईल. जाऊ दे.

भागीरथा : तिथं गेल्यावर तुयी जीभ फिरली तं? त्या फळीवरचा कागद घे. मी काय बोलली अन् तू काय लिहिलं, दोन्ही उतरव. शेवटी तुयी सही कर.

गिरिधर : लिहितो.

भागीरथा : ‘पाया पडतो’ पण लिही.

गिरिधर : झालं. सही केली. वाचून दाखवू?

भागीरथा : नको. पलीकडच्या लतिकाबाई शाळेतून आल्या का त्या वाचतीन. तवर जाऊ नको.