सहा आकडे

मुलगी : आई, माझ्याकडे नको बघू. स्क्रीनकडे बघ.

आई : बघतेय की. तीच माझ्याकडे बघत नाही.

मुलगी : आणि गप्प नाही बसायचं. मनात येईल ते मोठ्यानं बोलायचं, हीच चाचणीची पद्धत. तू बाहेरून घरी आलीस, दार बंद आहे, ते उघडायचंय. बस्स.

आई : आपल्या दाराला लावलंस तेच ना हे आकड्यांचं कुलूप?

मुलगी : तेच. मी बनवलेलं. सोमवारपासून चारशे घरांना लागणार. आज चाचणीला बोलावलेलं सहावं माणूस आलंच नाही, म्हणून तुला ऑफिसात आणलं.

आई : म्हणजे मी ऐनवेळची! बरं. हिरवं दाबलं. आता सहा आकडे मागतेय. थांब हं, चष्मा... पर्समध्ये... हा सापडला. अगं, काळी झाली की पाटी!

मुलगी : हं.

आई : हं काय? सांग ना.

मुलगी : मदत करायची नाही, असा नियम आहे. बोलत राहा.

आई : पुन्हा हिरवं. सात... एक... गेली! मेली जरा दम धरत नाही. आता तिसऱ्यांदा नाही हो दाबणार मी.

मुलगी : का?

आई : तिसऱ्यांदा चुकलं की बोंब मारते.

मुलगी : तुला कसं माहीत?

आई : राहू दे.

मुलगी : आई, बोलायचंय.

आई : लावलंस त्याच आठवड्यात ब्रेड आणायला खाली गेले होते. वर आले तर हे असंच. भोंगा सुरू! अख्खा जिना गोळा झाला. शेजारचा तर काठी घेऊन आला. माझ्याच दारात मी चोरासारखी उभी, हातात ब्रेडचा पुडा.

मुलगी : मग?

आई : मग काय. तेव्हापासून एकटी खाली गेलेच नाही.

मुलगी : गुडघा दुखतो म्हणालीस ना?

आई : गुडघा ठणठणीत आहे.

मुलगी : कुलूप बसवून सव्वीस दिवस झाले! अगं, मला एका शब्दानं तरी...

आई : काय सांगू? शेंबडं पोरही उघडेल, असं फोनवर सगळ्यांना सांगत होतीस. किती खूश होतीस. म्हटलं, आपलंच डोकं चालत नाही. सकाळी तू दार ओढून घेतलंस की दिवसभर मी आतच. आपलंच घर, पण नुसतं खायला उठायचं.

(मुलगी वही मिटते.)

मुलगी : आधीच्या पाचांत चष्मा शोधणारं कुणीच नव्हतं. सगळी ऑफिसातली, आमच्याच मजल्यावरची पोरं. मीच निवडली होती.

आई : म्हणजे मी नापास का गं?

मुलगी : तू कसली? मी. सोमवारचं थांबवायला सांगते.

आई : साहेब चिडतील.

मुलगी : चिडू देत. आणि आपल्या दाराला जुनं कुलूप परत बसवते. नवी किल्ली मात्र करून घ्यावी लागेल.

आई : किल्ली आहे. पर्समध्येच असते.

मुलगी : अजून?

आई : कुलूप तू काढून नेलंस. किल्ली कुणी मागितलीच नाही.

मुलगी : चल, ऊठ. गाडी बोलावते.

आई : गाडी नको गं. चालत जाऊ. जरा लांबच्या रस्त्यानं.